ॲव्होगॅड्रो अंकाचं गणित नक्की कुठे चुकतं आणि ते नीट कसं करायचं

बरीच वर्षं मोलच्या गणितांच्या वह्या तपासतेय त्यामुळे एक गोष्ट छातीठोकपणे सांगू शकते, ६.०२२ × १०^२३ हा आकडा कुणाचाच चुकत नाही. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. चुकतं ते त्याच्या आधीचं, म्हणजे आपण नक्की काय मोजतोय, अणू की रेणू की आयन (विद्युतभार असलेला कण), हे न ठरवताच धाडकन गुणाकार मारला जातो आणि उत्तर दुप्पट नाहीतर निम्मं येतं. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय ज्या क्रमाने मी स्वतः गणित सोडवते, आणि शेवटी हा आकडा प्रयोगातून स्वतः कसा काढायचा तेही सांगते कारण तो प्रयोग एकदा तरी करून बघावाच असा आहे.

(फोनवर टाइप करतेय, घात वर चढवून लिहिता येत नाही, त्यामुळे १०^२३ म्हणजे १० चा २३ वा घात असं वाचा.)

आधी दोन मिनिटं शब्दांवर

मराठीत मोल म्हणजे किंमत, ते इथे विसरून जायचं. इथला मोल हे मोजायचं माप आहे, जसं १२ नगांना डझन आणि २० नगांना कोडी म्हणतो तसं ६.०२२१४०७६ × १०^२३ कणांना एक मोल. एवढंच. एवढा मोठा आकडा का, तर अणू इतके बारीक आहेत की तराजूवर ठेवण्याइतका पदार्थ घेतला की कणांची संख्या आपोआप एवढी होते. सेकंदाला एक मोजला तर विश्वाच्या वयाच्या जवळजवळ १४ लाख पट वेळ लागेल वगैरे उदाहरणं तुम्ही ऐकली असतील, बरोबरच आहेत ती, पण ती ऐकून तोंडाचा आ होतो, गणित काही सुटत नाही.

अंक आणि स्थिरांक यात एक छोटा फरक आहे. नुसता ६.०२२ × १०^२३ हा अंक, त्याला युनिट नाही. आणि ६.०२२ × १०^२३ प्रति मोल हा स्थिरांक. हे "प्रति मोल" लिहायचा कंटाळा करू नका, कारण पुढे गुणायचं की भागायचं हे तेच सांगतं. मोलला स्थिरांकाने गुणलं की मोल उडतो आणि नुसते कण उरतात, कणांना स्थिरांकाने भागलं की मोल मिळतात. युनिट लिहिणाऱ्याला सूत्र पाठ करावं लागत नाही.

पायरी १: कण कुठला ते शब्दात लिहा

शब्दात म्हणजे खरंच शब्दात, वहीत, गणिताच्या डोक्यावर. "पाण्याचे रेणू". "क्लोराइड आयन". "एकूण अणू". प्रश्नात "१ मोल ऑक्सिजन" एवढंच असेल तर प्रश्नच अर्धवट आहे, कारण ऑक्सिजनचे अणू म्हटलं तर ते १६ ग्रॅम आणि रेणू म्हटलं तर ३२ ग्रॅम. वायूबद्दल बोलणं चाललंय असं कळलं तर रेणूच धरायचे, पण ते धरलंय असं लिहायचं.

आणि मीठासारख्या आयनिक पदार्थात रेणू नसतातच, तिथे फॉर्म्युला युनिट असतं, म्हणजे सूत्रात लिहिलेला आयनांचा एक संच. सोडियम क्लोराइडचे "रेणू" मोजा असं विचारलं तर फॉर्म्युला युनिट मोजा असं समजून पुढे जा, भांडत बसू नका.

कॉलेजात असताना मी स्वतः एका तोंडी परीक्षेत इथेच माती खाल्ली होती. नायट्रोजनचा मोलर मास (एका मोलचं ग्रॅममधलं वस्तुमान) विचारला, मी १४ म्हटलं, समोरून शांतपणे "कशाचा?" एवढंच आलं आणि मला पाच मिनिटं प्रश्नच कळला नाही. तेव्हापासून तो "कशाचा?" डोक्यात बसलाय.

पायरी २: ग्रॅमवरून मोलवर या, मग मोलवरून कणांवर

थेट ग्रॅमवरून कणांवर उडी मारता येते, सूत्रही आहे त्याचं, पण मी म्हणेन मारू नका. मध्ये मोलच्या ओट्यावर टेकायचंच. कारण मोलचा आकडा बघून अंदाज येतो की आपण ठीक चाललोय की नाही, १०^२३ वाले आकडे बघून काहीच अंदाज येत नाही.

४.५० ग्रॅम पाणी घेऊ. पाण्याचा मोलर मास १८.०१५ ग्रॅम प्रति मोल. ४.५० भागिले १८.०१५ म्हणजे ०.२५० मोल, पाव मोल. ठीक वाटतंय ना, १८ चा पाव साडेचार. आता ०.२५० × ६.०२२ × १०^२३ = १.५० × १०^२३ रेणू.

पुढची सगळी उत्तरं याच्यातून निघतात. हायड्रोजनचे अणू हवेत? रेणूमागे २, म्हणजे ३.०१ × १०^२३. एकूण अणू? रेणूमागे ३, म्हणजे ४.५१ × १०^२३. इलेक्ट्रॉन? ऑक्सिजनचे ८ आणि दोन हायड्रोजनचे २ असे रेणूमागे १०, म्हणजे १.५० × १०^२४. बघा, स्थिरांक एकदाच वापरला, बाकी सगळी साधी मोजणी. (३ ने गुणून ४.५० येतं आणि मी ४.५१ लिहिलंय कारण मधला आकडा पूर्ण ठेवला, गोल शेवटी केला. मध्येच गोल करायची सवय असेल तर मोडा.)

आता जरा वाकडं उदाहरण, मोरचूद. निळे खडे असतात ते, म्हणजे कॉपर सल्फेट आणि त्याच्या प्रत्येक युनिटला चिकटलेले पाण्याचे ५ रेणू. २४.९७ ग्रॅम मोरचुदात ऑक्सिजनचे अणू किती? इथे दोन सापळे आहेत. पहिला, मोलर मास काढताना पाणी विसरलं की १५९.६ येतो, खरा आहे २४९.७. दुसरा, ऑक्सिजन मोजताना सल्फेटचे ४ धरले आणि पाण्यातले ५ सोडले. बरोबर हिशोब असा: ०.१००० मोल, युनिटमागे ९ ऑक्सिजन, म्हणजे ०.९००० मोल अणू, म्हणजे ५.४२० × १०^२३. जो दोन्ही सापळ्यांत सापडला त्याचं उत्तर येतं ३.७७ × १०^२३, आणि गंमत म्हणजे ते दिसायला अगदी शहाण्यासारखं दिसतं, संशयच येत नाही.

आयनांचंही तेच. ११.१ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (निर्जल, म्हणजे पाण्याचे रेणू न चिकटलेलं) म्हणजे ०.१०० मोल युनिट. पाण्यात विरघळल्यावर कॅल्शियम आयन ०.१००, क्लोराइड ०.२००, एकूण ०.३०० मोल आयन. तिन्ही उत्तरं वेगळी आणि तिन्ही बरोबर, प्रश्न कुठला त्यावर.

पायरी ३: कॅल्क्युलेटर

यावर जरा जास्त वेळ घालवते कारण अर्ध्याहून जास्त चुका इथल्या असतात आणि पोरांना वाटतं आपल्याला मोलच कळला नाही.

सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर "ईएक्सपी" किंवा "ईई" असं बटण असतं, काहींवर "×१०" आणि वर घात असं छापलेलं असतं. त्या बटणाचा अर्थच "गुणिले दहाचा घात" असा आहे. तरी लोक काय करतात, ६.०२२ मग गुणिले मग १० मग ईएक्सपी मग २३. झालं, मशीनने घेतलं ६.०२२ × १० × १०^२३, म्हणजे उत्तर दहा पट. बरोबर पद्धत फक्त ६.०२२, ईएक्सपी, २३. मध्ये १० दाबायचाच नाही.

दुसरी गोची भागाकारात. ३.०११ × १०^२२ लोखंडाचे अणू आहेत, किती ग्रॅम? मोल काढायला ६.०२२ × १०^२३ ने भागायचं. घात चिन्ह वापरून सरळ ओळीत टाइप केलं, ३.०११×१०^२२÷६.०२२×१०^२३, की मशीन डावीकडून चालतं, ६.०२२ ने भागतं आणि नंतरच्या १०^२३ ने गुणतं. उत्तर ५ × १०^४४ मोल. एवढं लोखंड म्हणजे सुमारे १४ लाख कोटी सूर्यांच्या वजनाचं, आणि हे उत्तर वहीत खाली दोन रेघा मारून लिहिलेलं मी स्वतः बघितलंय. भाजकाला कंस घाला नाहीतर ईएक्सपी बटण वापरा, मग येईल ०.०५००० मोल, गुणिले ५५.८४५ म्हणजे २.७९२ ग्रॅम.

पायरी ४: उत्तर शक्य आहे का बघा

एका कणाचं वस्तुमान काढत असाल तर उत्तर १०^-२४ ते १०^-२२ ग्रॅमच्या आसपास हवं, मोठे प्रोटीनचे रेणू वगैरे सोडले तर. पाण्याचा एक रेणू १८.०१५ भागिले ६.०२२ × १०^२३ म्हणजे २.९९ × १०^-२३ ग्रॅम. उत्तर १०^२५ ग्रॅम आलं तर भागायच्या जागी गुणलंत.

इथून एक छान गोष्ट फुकटात मिळते. पाण्याची घनता साधारण १ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे एका रेणूच्या वाट्याला येणारी जागा ३ × १०^-२३ घन सेंटिमीटर. घनमूळ काढा, ३.१ × १०^-८ सेंटिमीटर, म्हणजे ०.३१ नॅनोमीटर. पाण्याचा रेणू साधारण एवढाच असतो! एक तराजू, एक मापनळी आणि हा स्थिरांक, एवढ्यावर रेणूचा आकार हातात. मला अजूनही हे बघून बरं वाटतं.

कणांची संख्या १ पेक्षा कमी आली तर? बहुतेक वेळा चूकच, पण नेहमी नाही. १ मोल प्रति लिटरचं द्रावण घेतलं, दहा पट पातळ केलं, ते परत दहा पट, असं २४ वेळा केलं तर लिटरमागे ०.६ कण उरतो. अर्धामुर्धा रेणू नसतो, याचा अर्थ असा की अशा बऱ्याच बाटल्या भरल्या तर सरासरी ०.६, म्हणजे कित्येक बाटल्यांत मूळ पदार्थाचा एकही रेणू नाही. कुठलीही गोष्ट "अतिशय पातळ करून" वापरतात असं कानावर आलं की हा हिशोब करून बघायचा.

वायू असेल तर

२२.४ लिटर सगळ्यांना पाठ. पण तो ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर म्हणजे १०१.३२५ किलोपास्कल दाबाला. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल धरला तर २२.७ लिटर, नवीन पुस्तकांत प्रमाण दाब हाच असतो. आणि २५ अंश आणि १ ॲटमॉस्फिअरला साधारण २४.५. प्रश्नात काय दिलंय ते बघा. ५.६० लिटर ऑक्सिजन जुन्या हिशोबाने ०.२५० मोल, नव्याने ०.२४७. फरक टक्काभराचा, पण पर्यायी प्रश्नात दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवलेली असतात बरं का. आणि २२.४ हे फक्त वायूला, द्रव पाण्याला लावू नका, १ मोल पाणी १८ मिलिलिटरमध्ये मावतं.

हा आकडा आला कुठून

थोडक्यात, कारण इथे एक गैरसमज पक्का आहे. ॲव्होगॅड्रोने हा आकडा काढला नाही. इटलीतल्या ट्युरिनचा हा माणूस, शिक्षणाने वकील, त्याने १८११ मध्ये एवढंच म्हटलं की तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते. किती, ते नाही. लोकांनी त्याकडे फारसं लक्षही दिलं नाही, तो १८५६ मध्ये गेला आणि १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या परिषदेत कॅनिझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने ती कल्पना परत लावून धरली तेव्हा कुठे तिला भाव आला. १८६५ मध्ये लॉश्मिटने हवेतल्या रेणूंच्या आकाराचा पहिला बरा अंदाज काढला. मग १९०५ मध्ये आइनस्टाइनने द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांच्या थरथरण्यावरून, म्हणजे ब्राउनियन हालचालीवरून, ही संख्या काढता येईल असं गणित मांडलं, पेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजत बसून करून दाखवलं आणि १९०९ मध्ये नाव सुचवलं ते ॲव्होगॅड्रोचं. पेराँला १९२६ चं नोबेल मिळालं.

अलीकडची अचूक पद्धत सिलिकॉनच्या स्फटिकाची, आणि ती तुम्ही कागदावर करू शकता. सिलिकॉनच्या एका घनाकृती एकक पेशीत (स्फटिकात परत परत येणारा छोटा ठोकळा) ८ अणू, पेशीची बाजू एक्स-रेने मोजलेली ५.४३१ × १०^-८ सेंटिमीटर, घनता २.३२९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, मोलर मास २८.०८५५. बाजूचा घन १.६०१९ × १०^-२२. त्याला घनतेने गुणलं की पेशीचं वस्तुमान ३.७३०९ × १०^-२२ ग्रॅम, ८ ने भागलं की एका अणूचं ४.६६३६ × १०^-२३ ग्रॅम. आता २८.०८५५ ला त्याने भागा, ६.०२२ × १०^२३. शास्त्रज्ञांनी हेच केलं, फक्त जवळजवळ शुद्ध सिलिकॉन-२८ चे किलोभराचे गुळगुळीत गोळे घेऊन.

आणि २० मे २०१९ पासून मोजायचं कारणच संपलं. त्याआधी मोलची व्याख्या होती १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण, म्हणून स्थिरांक मोजावा लागायचा. आता उलटं, ६.०२२१४०७६ × १०^२३ ही संख्याच व्याख्येने ठरवून टाकली, शेपटीला अनिश्चितता नाही. त्यामुळे १ मोल कार्बन-१२ आता काटेकोर १२ ग्रॅम राहिलं नाही, पण फरक इतका सूक्ष्म की कुठल्याही प्रयोगशाळेच्या तराजूला तो दिसणार नाही.

स्वतः काढून बघायचा असेल तर: तांब्याचा प्रयोग

लागतं काय: तांब्याच्या दोन पट्ट्या, मोरचुदाचं साधारण अर्धा मोल प्रति लिटर द्रावण, बॅटरी नको, स्थिर करंट देणारा पॉवर सप्लाय, ॲमीटर, घड्याळ, आणि मिलिग्रॅम दाखवणारा तराजू. तराजूवर तडजोड करू नका, का ते पुढे कळेल. हातमोजे आणि चष्मा घाला.

पट्ट्या पॉलिश पेपरने चकचकीत घासा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, ॲसिटोनमध्ये बुडवून सुकवा, वजन करा. यानंतर भिजणाऱ्या भागाला बोट लावायचं नाही, कडेला धरायचं. प्रत्येक पट्टीचा २० ते २५ चौरस सेंटिमीटर भाग भिजेल अशा दोन्ही समोरासमोर सोडा, एकमेकींना चिकटू देऊ नका. ०.५०० ॲम्पिअरवर बरोबर ३० मिनिटं चालवा. करंट वाढवून काम लवकर उरकायचा मोह होईल, पण मग ऋण पट्टीवर (सप्लायच्या ऋण टोकाला जोडलेली, दुसरी ती धन पट्टी) तांबं घट्ट न बसता भुगा होऊन बसतं आणि धुताना निघून जातं.

संपल्यावर पट्ट्या हळू बाहेर काढा, पुसू नका, पाण्यात बुडवा, ॲसिटोनमध्ये बुडवा, सुकू द्या, वजन करा.

हिशोब: ०.५०० × १८०० = ९०० कूलॉम. एका इलेक्ट्रॉनचा विद्युतभार १.६०२ × १०^-१९ कूलॉम, म्हणजे ५.६१८ × १०^२१ इलेक्ट्रॉन गेले. तांब्याच्या एका आयनला २ इलेक्ट्रॉन, म्हणून २.८०९ × १०^२१ अणू. समजा धन पट्टीचं वजन ०.२९८ ग्रॅमने घटलं. तांब्याचा मोलर मास ६३.५५, म्हणजे ०.००४६८९ मोल. अणू भागिले मोल, ५.९९ × १०^२३. अर्ध्या टक्क्याची चूक, याला मी फर्स्ट क्लास म्हणेन.

तराजू दोनच दशांश दाखवत असता तर? ०.२९ दिसलं तर उत्तर ६.१६, ०.३० दिसलं तर ५.९५. मधलं काही शक्यच नाही, तुम्ही कितीही जीव तोडून पट्ट्या घासल्या तरी. तासभर जास्त चालवलं तर वजनाची ही चूक कमी होते, पण ॲमीटरची होत नाही. ०.५० दाखवणारा ॲमीटर ०.०१ ने चुकत असेल तर २ टक्के चूक पहिल्या मिनिटालाही आणि दहाव्या तासालाही.

दोन्ही पट्ट्यांची उत्तरं वेगळी येतील, घाबरू नका. धन पट्टीवरून तांब्याचे बारीक कण नुसतेच गळून पडतात, विद्युतभाराचा हिशोब न देता, म्हणून घट जास्त दिसते आणि उत्तर खरं असतं त्यापेक्षा लहान येतं. ऋण पट्टीवरचं बसलेलं तांबं धुताना थोडं गेलं तर वाढ कमी दिसते आणि उत्तर मोठं येतं, ओली राहिली तर पुन्हा लहान. दोन्ही लिहा, सरासरीने एकच करून टाकू नका, कारण दोन उत्तरांतलं अंतरच सांगतं की गडबड पट्ट्यांत आहे की ॲमीटरमध्ये. दोन्ही उत्तरं एकाच दिशेला सारखीच सरकली असतील तर ॲमीटर बघा.

आता गंमत ऐका. २०१९ नंतर इलेक्ट्रॉनचा विद्युतभारही व्याख्येने पक्का आणि ॲव्होगॅड्रो स्थिरांकही पक्का, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर या प्रयोगात तुम्ही स्थिरांक मोजतच नाही, तुमचा ॲमीटर, तराजू आणि हात किती खरे आहेत ते मोजता. माझा पहिल्या वेळचा आकडा ६.४ आला होता. ॲमीटर वर्षानुवर्षं जास्तच दाखवत होता आणि तोवर कुणाला पत्ता नव्हता.

उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका, पाण्यातल्या जीवांना ते विषारी असतं. बाटलीत भरून नाव आणि तारीख लिहून ठेवा, पुढच्या वेळी तेच वापरता येतं, कारण एका पट्टीवरून जेवढं तांबं गेलं तेवढंच दुसरीवर बसलं, द्रावण जवळपास होतं तसंच आहे.